तिलतंडुल आणि क्षीरनीर : ‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीताविषयी काही विचार

‘फ्यूजन’ हा शब्द वृत्तपत्रीय संगीतसमीक्षेत आता इतका स्थिरावला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची निकडही कोणाला भासत नाही. तबला, व्हायोलिन, गिटार, की-बोर्ड आणि ड्रमसेट असा पाच-सहा जणांचा संच विलेपार्ले, मुलुंड वा बोरिवलीच्या एखाद्या नाट्यगृहात बंदिशीचा मुखडा रॉकच्या ठेक्यावर मांडतो, श्रोते टाळ्या वाजवितात, आणि दुसऱ्या दिवशी ‘पूर्व-पश्चिमेचा सुरेल संगम’ एवढे एक वाक्य लिहून समीक्षक मोकळा होतो. ज्याला हा प्रकार रुचत नाही तो ‘भेसळ’ असा शब्द वापरतो. ‘संगम’ आणि ‘भेसळ’ हे दोन्ही शब्द परस्परविरोधी वाटले तरी त्यांमागील गृहीतक एकच आहे : दोन गोष्टी एकत्र आल्या की त्या एकमेकींत मिसळतात. मिसळणे चांगले की वाईट एवढाच वाद मग उरतो. त्या मिसळतात का, कशा मिसळतात आणि न मिसळताही एकत्र राहू शकतात का, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

हा प्रश्न केवळ संगीताचा असता तर साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु मराठी रंगभूमीवर शास्त्रोक्त परंपरेतून आलेले नाट्यपद, लावणी, कीर्तन आणि पॉप-रॉक ही सारी एकाच संहितेच्या आधाराने शेजारी शेजारी उभी राहिली, असे एक ठळक उदाहरण आपल्याकडे आहे. पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणला. भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे ही नावे त्याच्या संगीताशी निगडित आहेत. पु. लं.च्या नाट्यलेखनाविषयी लिहिताना या नाटकाचा उल्लेख बहुधा ‘ब्रेख्तचे रूपांतर’ असा करून पुढे जाण्याची रीत आहे; गाणी हा जणू त्या रूपांतराचा अलंकार. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की या नाटकाचा आशय त्याच्या गाण्यांच्या परस्परविसंगतीत आहे, आणि ती विसंगती समजून घेण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे.

ही परिभाषा अलंकारशास्त्रातील आहे. एकाच पद्यात एकाहून अधिक अलंकार आले तर त्यांचा परस्परसंबंध कसा असतो, याचा विचार करताना आलंकारिकांनी ‘संसृष्टी’ आणि ‘संकर’ असा भेद केला. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दहाव्या उल्लासात या दोहोंचे विवेचन केले आहे. तीळ आणि तांदूळ एकत्र केले तरी दाणा दाणा वेगळा ओळखता येतो, ती संसृष्टी. दूध आणि पाणी एकत्र केले की निवडता येत नाही; तो संकर. तिलतंडुलन्याय आणि क्षीरनीरन्याय या नावांनी हा भेद संस्कृतच्या विद्यार्थ्याला परिचित असतो, पण अलंकारांच्या याद्या पाठ करण्यापलीकडे त्याचा उपयोग आधुनिक समीक्षेत क्वचितच झाला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयाची : आलंकारिकांनी या दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम लावलेला नाही. तिळातांदळाचे मिश्रण हे अपुरे राहिलेले दूधपाणी नव्हे. ती दोन स्वतंत्र प्रयोजने आहेत.

मिखाइल बाख्तिन यांनी कादंबरीच्या भाषेविषयी लिहिताना सेंद्रिय संकर आणि हेतुपूर्वक संकर असा जो भेद केला, तो याच्या फार जवळ जातो. भाषा नकळत एकमेकींत मिसळत असतात. त्यातून नव्या भाषा जन्मतात. कादंबरीकार मात्र दोन भाषांना एका वाक्यात मुद्दाम समोरासमोर आणतो, एकीच्या उजेडात दुसरी दाखवितो. दोन्ही आवाज ऐकू येत राहतात, हीच त्या संकराची अट. बाख्तिन यांच्यामुळे एक गोष्ट अधिक स्पष्ट होते, ती अशी की दाण्यादाण्यातील वेगळेपण हे केवळ ऐंद्रिय नसते. प्रत्येक भाषा आपल्याबरोबर एक सामाजिक जग घेऊन येते.

आता नाटकाकडे वळू. जॉन गे यांचा ‘बेगर्स ऑपेरा’ १७२८ साली लंडनमध्ये सादर झाला. त्यातील एकोणसत्तर गीतांच्या चाली बव्हंशी रस्त्यावरच्या, बाजारातल्या गाण्यांच्या होत्या. पण हँडेलच्या ‘रिनाल्डो’ या ऑपेरातील धर्मयोद्ध्यांच्या कूचाची धून गे यांनी दरोडेखोरांच्या तोंडी घातली. उच्चभ्रूंचे संगीत चोरांच्या कंठात गेले की चोर उच्चभ्रू होत नाहीत. उच्चभ्रूच चोर असल्याचा संशय येऊ लागतो. धून ओळखू येणे ही या विनोदाची पूर्वअट आहे. हँडेल जर बाजारगीतात विरघळून गेला असता तर उपहास शिल्लकच राहिला नसता.

दोनशे वर्षांनी, १९२८ च्या ऑगस्टअखेरीस, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी हीच युक्ती नव्याने वापरली. वाइल हे बुसोनींचे शिष्य, पाश्चात्त्य अभिजात संगीतात पूर्णपणे मुरलेले. त्यांनी ‘थ्री पेनी ऑपेरा’साठी अवघ्या सात वादकांचा संच घेतला. हे सात जण वीसहून अधिक वाद्ये हाताळीत : सॅक्सोफोन, बँजो, हार्मोनियम, कर्णे, तालवाद्ये. एका बाजूने हा चेंबर संगीताचा संच, दुसऱ्या बाजूने नृत्यगृहातला बँड. आरंभीची वाद्यरचना बरोक वळणाची. मॅकहीथ आणि जेनी यांच्या कुंटणखान्यातील आठवणींना टँगो. सैनिकी दोस्तीच्या गाण्याला फॉक्सट्रॉट. आणि भिकाऱ्यांच्या धंद्याचा मालक पीचम सकाळी उठून जे गातो ते चर्चमधल्या प्रार्थनेच्या घाटाचे. (मूळ ‘बेगर्स ऑपेरा’तली ही एकच चाल वाइल यांनी ठेवली, हे सूचक आहे.) प्रत्येक घाट जसाच्या तसा ओळखू येतो, आणि म्हणूनच तो ज्याच्या तोंडी आहे त्याच्याशी विसंगत ठरतो. सर्व कलांच्या एकजीव मिश्रणाविरुद्ध ब्रेख्तनी १९३० मध्ये जी भूमिका मांडली तिचे सूत्र ‘घटकांचे विलगीकरण’ हे होते. शब्द, संगीत, दृश्य हे सारे वितळून एक झाले की प्रेक्षकही त्या रसायनात वितळतो, असा त्यांचा आक्षेप होता. गाणाऱ्या नटाने केवळ गायचे नाही, गाणारा माणूस दाखवायचा, ही त्यांची सूचना त्यातूनच येते.

पु. लं.नी हे नाटक हाती घेतले त्याआधी, १९७५ साली, ‘ती फुलराणी’ आलेली होती. ‘पिग्मॅलियन’चे रूपांतर करताना त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न बोलींचा होता : कोणती मराठी कोणत्या वर्गाची आणि ती ऐकताक्षणी कळली पाहिजे. ‘तीन पैशाचा तमाशा’त त्यांनी हाच प्रश्न संगीताच्या बाबतीत विचारला, असे मला वाटते. कोणते गाणे कोणत्या वर्गाचे? पेटीवर हात असलेला, भावगीताला चाली देणारा, नाट्यसंगीताच्या काळात वाढलेला हा लेखक मराठी कानाला कोणत्या सुरावटीतून कोणता समाज ऐकू येतो, हे नेमके जाणत होता. तमाशाच्या चौकटीमुळे त्याला दुसरीही सोय मिळाली. तमाशा हा प्रकार मुळातच तिलतंडुलन्यायाने बांधलेला आहे : गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हे एकामागून एक येतात आणि एक दुसऱ्यात विरघळत नाही. ब्रेख्तला जे सिद्धान्ताने साधावे लागले ते आपल्या लोकरंगभूमीच्या बांधणीतच होते, असे विधान सत्तरीच्या दशकात पुष्कळांनी केले आणि ते काहीसे गुळगुळीतही झाले. पण संगीताच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

या चौकटीत अंकुश, म्हणजे मूळचा मॅकहीथ, नंदू भेंडे यांनी रंगविला. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मराठी रंगभूमीच्या घरात वाढला, पण त्याचा कंठ घडला तो मुंबईच्या रॉक बँडमध्ये. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जुडास साकारला होता. हा नट नाट्यपदाच्या आणि लावणीच्या जगात रॉकच्या ढंगाने गाऊ लागला, तेव्हा केवळ चालच वेगळी झाली नाही. मराठी शब्दाचे उच्चारणच वेगळे झाले. या मुद्द्याकडे छंदःशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष गेले पाहिजे, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

मराठी वृत्तरचना लघु-गुरू मात्रांवर उभी आहे. बोलताना आपण ‘घर’, ‘मन’, ‘रात’ हे शब्द व्यंजनांत संपवितो. अंत्य ‘अ’ उच्चारीत नाही. वृत्तात मात्र ते अक्षर मोजले जाते, आणि गायनात तर ते सुरावर ठेवून लांबविले जाते. नाट्यपदातला ‘मन’ हा दोन पूर्ण अक्षरांचा असतो. दुसऱ्या अक्षरावर तान घेता येते. याचा परिणाम असा की गायिलेली मराठी ही बोललेल्या मराठीपासून नेहमी एक पायरी वर राहते. रॉकचा ठेका याउलट आघातप्रधान आहे. चारच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा फटका येतो आणि शब्दाने त्या फटक्याशी जुळवून घ्यावे लागते. मराठीत इंग्रजीसारखा अर्थभेदक आघात नाही. तेव्हा या ठेक्यावर मराठी गाताना दोनच मार्ग उरतात : दीर्घ स्वर अनैसर्गिकपणे तोडायचे, किंवा अंत्य ‘अ’ टाकून शब्द बोलण्यात संपतो तसा व्यंजनावर संपवायचा. पहिल्या मार्गाने गेलेली कितीतरी मराठी ‘पॉप’ गाणी कृत्रिम वाटतात, त्याचे कारण हेच. दुसऱ्या मार्गाने एक अनपेक्षित लाभ होतो. गाणे बोलीच्या जवळ येते. रस्त्यावरचा, हिशेबी, कोणत्याही उदात्ततेची हमी न देणारा आवाज त्यातून उमटू शकतो. गुंडाच्या तोंडी रॉक घालण्यात नावीन्याची हौस नव्हती असे नाही, पण तिच्या पलीकडे हा भाषिक लाभही होता. नाट्यपद गाणाऱ्याचा ‘अ’ लांबतो आणि अंकुशाचा तुटतो. दोन वर्गांतील अंतर एका स्वराच्या असण्या-नसण्यातून ऐकू येते.

मर्ढेकरांची लयमीमांसा येथे कितपत उपयोगी पडते? संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही त्यांची त्रयी संगीताच्या विचारातून बळ घेते, आणि वरवर पाहता ‘तीन पैशाचा तमाशा’चे संगीत विरोधलयीचे उदाहरण म्हणून सहज खपून जाईल. परंतु मर्ढेकरांना अभिप्रेत असलेला विरोध हा माध्यमाच्या अंतर्गत गुणांमधला आहे : स्वर आणि स्वर, भावना आणि भावना. येथला विरोध दोन सुरावटींमध्ये नसून त्या सुरावटी जिथून येतात त्या माजघर, फड, देऊळ आणि हॉटेल यांच्यामध्ये आहे. शुद्ध माध्यमवादी मीमांसेला तो दिसणार नाही. डॉ. अशोक रानडे यांची मांडणी याहून अधिक जवळची. आदिम, लोक, धर्म, कला आणि जन या संगीतकोटींच्या जोडीला त्यांनी ‘संगम’ ही आणखी एक कोटी मानली, हे त्यांच्या द्रष्टेपणाचे लक्षण आहे. तथापि ‘संगम’ या शब्दाचे रूपक नदीचे आहे. नद्या मिळाल्या की पुढे एकच प्रवाह वाहतो. शिवाय संगमाला आपल्याकडे पावित्र्य चिकटलेले. संसृष्टीला सामावून घेण्याइतका हा शब्द मोकळा नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो इतिहासाचा आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यात साकी, दिंडी, लावणीची चाल, कर्नाटकी वळणे हे सारे तिळातांदळासारखेच होते. कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’त १८९६ मध्ये पारशी-गुजराती रंगभूमीच्या चाली आल्या तेव्हा त्या परक्या वाटल्या. ‘मानापमाना’साठी १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी बंदिशींच्या आधाराने चाली बांधल्या; गंधर्वांच्या पदांमागे पायपेटीचे आणि ऑर्गनचे सूर आले. आज या सगळ्याला आपण ‘नाट्यसंगीत’ असे एकच नाव देतो आणि त्यातल्या ऑर्गनमध्ये कोणाला युरोप ऐकू येत नाही. (आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर कित्येक वर्षे बहिष्कार घातला होता, ही गोष्टही आपण विसरलो.) म्हणजे कालांतराने संसृष्टीचा संकर होतो, सांधे बुजतात. मग सांधे दिसणे हा कलाकृतीचा गुण मानायचा की केवळ तिच्या अलीकडेपणाची खूण? मला वाटते, दोन्ही शक्य आहेत, आणि समीक्षकाचे काम ते वेगळे करण्याचे आहे. ‘शाकुंतला’तील सांधे बुजले तरी नाटकाचे काही बिघडत नाही, कारण त्याचा आशय त्या सांध्यांवर अवलंबून नाही. ‘थ्री पेनी’तले बुजले की नाटक निकामी होते. त्यातले पहिलेच गाणे, खुन्यावरचा तो रस्त्यावरचा पोवाडा, १९५९ साली बॉबी डॅरिनच्या कंठातून नृत्यगृहातले आवडते गाणे झाले आणि त्यातील सुरी कोणालाही टोचेनाशी झाली. ‘तीन पैशाचा तमाशा’लाही हा धोका होता. उपहासाचे लक्ष्य असलेला मध्यमवर्गीय प्रेक्षक त्याच्या गाण्यांवर मनापासून खूश झाला. पु. लं.ची लेखणी ब्रेख्तपेक्षा स्वभावतः सौम्य. ती दंश करते पण लगेच फुंकरही घालते. या नाटकातला राजकीय धारदारपणा जिथे उणावतो तिथे तो संवादांत उणावतो, संगीतात नव्हे, असे माझे मत आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘शक्ती’ हा संच आहे. माहीममध्ये वाढलेले झाकिर हुसेन, गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांनी १९७५ च्या सुमारास तो उभा केला. मॅकलॉफलिन त्याआधी महाविष्णू ऑर्केस्ट्रात विजेच्या गिटारीवर कानठळ्या बसविणारे जॅझ-रॉक वाजवीत होते. येथे ते तरफेच्या तारा बसविलेली साधी गिटार घेऊन मांडी घालून बसले. ‘शक्ती’चे यश क्षीरनीराचे आहे आणि ते कसे साधले हे पाहण्यासारखे आहे. पाश्चात्त्य बाजूने स्वरसंवादाची चौकट जवळजवळ सोडली. भारतीय बाजूने विलंबिताचा ऐसपैस काळ सोडला. तबला आणि घटम् यांचे, म्हणजे उत्तर-दक्षिणेचे एकत्र येणे हे तर मला पूर्व-पश्चिमेच्या भेटीहून अधिक अवघड आणि अधिक मोलाचे वाटते. पुढच्या पर्वात या संचात आलेले शंकर महादेवन हे चेंबूरचे, कर्नाटक संगीताबरोबरच श्रीनिवास खळ्यांकडेही शिकलेले. मिश्रण त्यांच्या बाबतीत संचात येण्याआधीच, उपनगरातल्या घरात, घडून गेलेले होते. संकराच्या परीक्षेसाठी ‘कोणी काय सोडले?’ हा प्रश्न मला सर्वांत उपयुक्त वाटतो. दोन्ही बाजूंनी काही मौल्यवान सोडले असेल तर दूधपाणी होते. एकानेच सोडले असेल तर ती शरणागती असते.

आरंभी उल्लेखिलेल्या नाट्यगृहांतल्या कार्यक्रमांना हा प्रश्न विचारून पाहावा. मारव्यासारखा राग घ्या. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य; षड्ज दीर्घकाळ टाळून धैवत-ऋषभावर रेंगाळल्यामुळे येणारी सायंकाळची ती अस्वस्थता. आता की-बोर्डवाला ठेक्यासोबत षड्जाचा साधा त्रिस्वरी संघात वाजवू लागतो : षड्ज, गांधार, पंचम. ज्या षड्जाची वाट पाहायची तो पहिल्याच क्षणी हजर, आणि वर्ज्य पंचमही त्याच्यासोबत. मारवा तिथेच संपला. उरल्या त्या मारव्याच्या ओळखीच्या काही जागा. रॉकनेही काही कमावले असे नाही, कारण त्याचे शब्द आणि त्याचा राग, दुसऱ्या अर्थाने, बाहेरच ठेवलेला असतो. हा संकर नाही आणि संसृष्टीही नाही. तीळ आणि तांदूळ दोन्ही दळून पीठ केले की ओळख जाते आणि नवा पदार्थही होत नाही. सगळेच कार्यक्रम असे असतात असे मी म्हणत नाही. पण पुष्कळ असतात, आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना फरक पडत नाही.

आणि त्याच नाट्यगृहाबाहेरच्या रस्त्यावरून अनंत चतुर्दशीला जे जाते त्याविषयी तर कोणी लिहीतच नाही. मुंबईत ज्याला ‘बँजो’ म्हणतात तो अमेरिकी बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग, म्हणजे १९१२ मध्ये नागोया येथे निघालेल्या जपानी ताईशोगोतोचा वंशज. टंकयंत्रासारख्या कळा, पोलादी तारा, त्यावर विजेची जोडणी. सोबत ताशा, ड्रम, अलीकडे की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, मागे टेम्पोवर भोंगे. घाटकोपर-अंधेरीच्या चाळींतून आणि वस्त्यांतून अशी पथके निघतात आणि लग्नाच्या वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत कोळीगीत, भजन, हिंदी चित्रपटगीत आणि पाश्चात्त्य नाचाचा ठेका हे सारे एका दमात वाजवितात. गे यांनी लंडनमध्ये केले त्याहून हे तत्त्वतः वेगळे नाही. तरीही तिकीट लावून वाजले की ‘फ्यूजन’ आणि रस्त्यावर वाजले की ‘बँजो’, ही विभागणी संगीताची नसून वर्गाची आहे. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या शब्दकळेविषयी हाच पेच समीक्षेपुढे होता, आणि तो सोडविताना समीक्षेला आपली परिभाषा बदलावी लागली. देशीवादी भूमिकेलाही हा प्रकार अडचणीचा ठरेल : जपानी वाद्य, विजेचा भोंगा आणि कोळीवाड्याची चाल यांतले देशी कशाला म्हणायचे?

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट खुणावते. बँजोवर वाजणाऱ्या कोळीगीताला शब्द नसतात. वाद्य केवळ चाल वाजविते. शब्द असतात ते भोवती नाचणाऱ्यांच्या डोक्यात, आणि ते सर्वांचे सारखे नसतात. एकाला मूळ कोळीगीत आठवते, दुसऱ्याला त्याच चालीवर रचलेले भजन, तिसऱ्याला निवडणुकीतले प्रचारगीत. ‘तीन पैशाचा तमाशा’ची संहिता आपल्यापाशी छापील स्वरूपात आहे, या संगीताची संहिता मिरवणूक सिग्नलजवळ अडते तेवढ्या वेळात अनेक डोक्यांत एकाच वेळी सिद्ध होते आणि सिग्नल सुटला की पुढे सरकते.